ग्रॅफाइटचे थर, त्यांच्या कडा आणि हवेतला ओलावा

कार्बन ब्रशची, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला घासत त्याला वीज पोचवणाऱ्या ग्रॅफाइटच्या ठोकळ्याची, पूड एकदा बोटांना लागली की साबणाच्या पहिल्या धुण्यात जात नाही. ती कातडीच्या रेषांमध्ये बसून राहते, आणि उजेडात बोट जरा तिरके धरले तर त्या काळेपणावर एक फिकी, रुपेरी चकाकी दिसते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने रबाळ्याला उतरायचे आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांमधल्या मोटारींची देखभाल करायची, हा माझा गेल्या वीस वर्षांचा दिनक्रम आहे, आणि त्यातल्या बहुतेक दिवशी ही पूड हाताला लागलेली असते. बराच काळ मी तिच्याकडे पुसून टाकायचा कचरा म्हणूनच पाहत होतो. नंतर एका मोटारीने मला असे अडवले की या पुडीतल्या अणूंची मांडणी समजून घेतल्याशिवाय सुटका नव्हती. त्या मांडणीविषयी आणि त्या मोटारीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ग्रॅफाइटबद्दल शाळेत जे एक वाक्य आपण पाठ करतो ते खरे असले तरी अपुरे आहे, आणि ते अपुरेपण मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

ते वाक्य सर्वांना ठाऊक असते: ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे थर असतात, थरांमधले आकर्षण क्षीण असते, म्हणून थर एकमेकांवरून घसरतात आणि म्हणून ग्रॅफाइट वंगण म्हणून वापरतात. हे वाक्य मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळाले होते.

मोटारीची गोष्ट अशी. घणसोलीच्या बाजूच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगचे एक जुने यंत्र होते आणि ते डीसी मोटारीवर चालत असे. त्या मोटारीचे ब्रश साधारण सहा-सात महिने टिकत. पुढे त्या दालनात पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांचे पॅकिंग सुरू झाले. अशा गोळ्यांना दमट हवा अजिबात चालत नाही, म्हणून दालनाला हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवली गेली आणि आतली सापेक्ष आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास ठेवली जाऊ लागली. त्यानंतरचा पहिला ब्रशचा जोड अठरा दिवसांत संपला. दुसरा त्याहून लवकर गेला. मोटारीचे झाकण उघडले तेव्हा ब्रशहोल्डरभोवती बोटभर काळी पूड साचलेली होती, आणि एरवी चॉकलेटी तपकिरी दिसणारा कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता दंडगोल, नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा लखलखत होता, त्यावर बारीक चरेही पडले होते.

आम्ही जे करायचे ते सगळे केले. स्प्रिंगचा दाब मोजला, कॉम्युटेटर लेथवर घेतला, दोन पट्ट्यांमधला मायका खोल केला, भार तपासला, दुसऱ्या उत्पादकाचे ब्रश आणून पाहिले. काहीही फरक पडला नाही. कारखान्याच्या व्यवस्थापनाने आमच्या कामावर बोट ठेवले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. पण त्याच इमारतीत, भिंतीपलीकडच्या साध्या दालनात, त्याच बनावटीची मोटार त्याच पेटीतल्या ब्रशवर निर्धास्तपणे फिरत होती. दोघींमध्ये फरक एकच होता, तो म्हणजे त्या ज्या हवेत श्वास घेत होत्या ती हवा. हे माझ्या ध्यानात यायला मला एक महिना लागला. ध्यानात आल्यावरही विश्वास बसेना, कारण माझ्या डोक्यातल्या वाक्यात हवेला जागाच नव्हती. थर घसरत असतील तर ते कोरड्या हवेतही घसरायला हवेत.

म्हणून मला मुळापासून सुरुवात करावी लागली.

कार्बनच्या अणूत सहा इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांतले चार बाहेरच्या कक्षेत, म्हणजे बंध जोडण्यासाठी उपलब्ध असतात. हिऱ्यामध्ये प्रत्येक अणू आपले चारही इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात गुंतवतो. हे चार शेजारी चार वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे सगळा स्फटिक लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी सारखाच घट्ट विणला जातो. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तीनच शेजारी धरतो. हे तिघे एकाच सपाटीत, एकमेकांपासून 120 अंशांवर असतात, आणि अशा तीन-तीन हातांनी जोडलेल्या अणूंची जाळी पसरत गेली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोन तयार होतात. चौथा इलेक्ट्रॉन कोणा एका शेजाऱ्याच्या वाट्याला येत नाही. तो थराच्या वर आणि खाली पसरलेल्या सामाईक ढगात सामील होतो.

दोन अंतरे लक्षात ठेवली की ग्रॅफाइटचे बरेचसे वागणे त्यांतून उलगडते. एकाच थरातल्या दोन शेजारी अणूंमधले अंतर 0.142 नॅनोमीटर असते, तर दोन थरांमधले अंतर 0.335 नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच पट असते. हिऱ्यातले दोन अणूंमधले अंतर 0.154 नॅनोमीटर आहे. हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर मी थोडा वेळ थांबलो होतो. ग्रॅफाइटच्या थरातला बंध हिऱ्यातल्या बंधाहून आखूड आहे, म्हणजेच तो अधिक मजबूत आहे. ज्याला आपण नखाने ओरखडतो त्या पदार्थाच्या पोटात जगातल्या सर्वांत कठीण खनिजापेक्षाही बळकट बंध आहेत, पण ते सगळे एका सपाटीत आहेत. सपाटीच्या बाहेर, एका थराला दुसऱ्या थराशी धरून ठेवणारे बल व्हॅन डर वाल्स प्रकारचे, म्हणजे बंध न जोडता नुसत्या जवळिकीने येणारे क्षीण आकर्षण आहे, आणि त्याची ऊर्जा अणूमागे मोजली तर ती थरातल्या बंधाच्या ढोबळमानाने शंभराव्या हिश्श्याइतकी भरते. हिऱ्याची घनता 3.51 आणि ग्रॅफाइटची 2.26 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असण्याचे कारणही हेच; थरांमधल्या त्या रिकाम्या जागेने ग्रॅफाइट हलके केले आहे.

थर एकावर एक बरोबर जुळवून ठेवलेले नसतात. दुसरा थर पहिल्यापेक्षा किंचित सरकलेला असतो, त्यामुळे त्याचे निम्मे अणू खालच्या अणूंच्या डोक्यावर येतात आणि निम्मे खालच्या षटकोनांच्या मध्यावर येतात. तिसरा थर पुन्हा पहिल्यासारखा असतो. ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने 1924 मध्ये जे. डी. बर्नाल यांनी नीट मांडली. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यात असे सुमारे 30 लाख थर असतात. 2004 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत सोलत एकच थर वेगळा करून दाखवला आणि त्या ग्राफीनवरच्या कामासाठी 2010 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन थरांमधले बंधन किती हलके आहे याचा चिकटपट्टीपेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही.

आता विद्युतवहनाविषयी, कारण माझ्या कामाचा संबंध त्याच्याशी अधिक येतो. चौथा इलेक्ट्रॉन सामाईक झाल्यामुळे ग्रॅफाइटमधून वीज वाहते, इतके आपण शिकतो, आणि त्यावरून असे वाटते की प्रत्येक अणूने एकेक मोकळा इलेक्ट्रॉन दिला असेल, जसे तांब्यात होते. प्रत्यक्षात तसे नाही. थरातल्या इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला खरोखर वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन ढोबळमानाने दहा हजार अणूंमागे एक एवढेच असतात. ते थोडे असले तरी थरातून अतिशय सहज धावतात, म्हणून चांगल्या स्फटिकात थराच्या दिशेने ग्रॅफाइटचा रोध तांब्याच्या साधारण पंचवीस-तीस पट असतो. थर ओलांडून जायचे म्हटले तर मात्र तोच रोध हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक वाढतो. एकाच तुकड्यात एका दिशेला वाहक आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ अडवणूक, असे हे दुहेरी वागणे आहे.

उष्णतेचेही तसेच आहे, पण तिचे वहन मुख्यतः इलेक्ट्रॉनांकडे नसून अणूंच्या कंपनांकडे असते. बंध ताठ आणि अणू हलका असल्यामुळे थरातून ही कंपने फार वेगाने पुढे जातात. उत्तम प्रतीच्या स्फटिकात थराच्या दिशेची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे 2000 वॅटच्या आसपास जाते, तांब्याची सुमारे 400 असते, आणि थरांना काटकोनात मोजली तर ग्रॅफाइटची 10 च्याही खाली येते. मोबाइलच्या आत पातळ ग्रॅफाइटची पत्री घालतात ती याचसाठी: चिपची उष्णता आडवी पसरावी आणि थेट तळहाताला लागू नये.

ब्रशमध्ये मात्र हे दिशाभेद दिसत नाहीत. ब्रश म्हणजे काही एक मोठा स्फटिक नव्हे. कोक, काजळी, डांबर यांसारखा कच्चा माल दाबून, भाजून, पुढे 2500 अंश सेल्सिअसच्या वर तापवून तो तयार करतात. या उष्णतेत अस्ताव्यस्त अणू थर लावून बसतात. एडवर्ड अचेसन यांनी कृत्रिम ग्रॅफाइटची ही वाट 1896 मध्ये पेटंट घेऊन खुली केली. अशा ठोकळ्यात सूक्ष्म स्फटिक सगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, म्हणून दिशेचा फरक सरासरीत पुष्कळसा मिटतो. आणि इथे ग्रॅफाइटचा तांब्यापेक्षा अधिक असलेला रोध दोष ठरत नाही, उलट तोच उपयोगी पडतो. सुरुवातीच्या डायनॅमोंमध्ये तांब्याच्या तारांचे झुबके वापरत, ब्रश हे नाव त्यावरूनच पडले. हे झुबके कॉम्युटेटरच्या दोन पट्ट्यांना एकाच वेळी टेकले की त्यांच्यामधून मोठा प्रवाह वाहून ठिणग्या उडत. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्स यांनी कार्बनचे ब्रश पुढे आणले. कार्बनच्या रोधामुळे तो प्रवाह आटोक्यात राहू लागला, कॉम्युटेटरही कमी झिजू लागला, आणि नाव मात्र झुबक्याचेच राहिले.

आपल्याकडेही एक नाव असेच मागे राहिले आहे. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पेन्सिलीचे शीस तुटले म्हणतो, आणि त्यात शिसे कधीच नव्हते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या बॉरोडेल भागात सापडलेले हे काळे, कागदावर उमटणारे खनिज लोकांना शिशाचा प्रकार वाटले, आणि तो समज भाषांमधून फिरत आपल्यापर्यंत आला. 1779 मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांनी हे खनिज म्हणजे कार्बनच असल्याचे दाखवले. 1789 मध्ये जर्मनीच्या आब्राहाम वेर्नर यांनी 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. शेले यांच्याआधी आणखी एक गोंधळ होता. मॉलिब्डेनाइट नावाचे दुसरे एक खनिज हाताला तितकेच बुळबुळीत, तितकेच चकचकीत आणि तसेच पापुद्रे सुटणारे असल्यामुळे लोक दोघांना एकच समजत. मॉलिब्डेनाइट म्हणजे मॉलिब्डेनम आणि गंधक यांचे संयुग आहे; त्याचेही थर असतात आणि तेही घसरतात. या जोडीकडे मला पुढे परत यायचे आहे.

माझा भाचा नववीत आहे. गेल्या महिन्यात तो पाचपाखाडीला आमच्याकडे राहायला आला तेव्हा कार्बनच्या अपरूपांचा धडा त्याच्या वाट्याला आला होता, आणि मी त्याला पुस्तक मिटायला लावून मल्टिमीटर हातात दिला. कागदावर 10 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद पट्टी आखून त्याने ती 6बी पेन्सिलीने भरून काढली. दोन टोकांना प्रोब लावल्यावर मीटरने सुमारे 14 किलोओहम दाखवले. त्याच पट्टीवर त्याने पुन्हा एकदा दाबून पेन्सिल फिरवली आणि आकडा उतरला. मग तशीच पट्टी एच पेन्सिलीने काढली तर रोध कित्येक पटींनी जास्त आला. कारण पेन्सिलीत नुसते ग्रॅफाइट नसते. 1795 मध्ये निकोला-झाक कोंते यांनी ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली तेव्हापासून पेन्सिल कठीण हवी तर माती वाढवायची, मऊ हवी तर ग्रॅफाइट वाढवायचे, असा हिशेब चालतो, आणि माती विजेची दुर्वाहक आहे. भाच्याने पट्टी खिडकीकडे धरली तेव्हा त्याला ती काळी न दिसता चकाकताना दिसली. ग्राफीनचा एकेक थर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे 2.3 टक्के भाग शोषून घेतो, हे मी त्याला सांगितले. काही शेकडा थर एकत्र आले की आरपार काही जात नाही, आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे पृष्ठभागाला धातूसारखी झाक येते. बोटांवरच्या पुडीची ती रुपेरी चकाकी हीच.

आता मोटारीकडे वळतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने अधिकाधिक उंचावरून उडू लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरांचे ब्रश काही तासांत पूड होऊन संपू लागले. जमिनीवर तेच ब्रश उत्तम चालत. या कोड्यावर अमेरिकेत जे संशोधन झाले त्यात जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेज यांचे काम फार महत्त्वाचे ठरले, आणि 1948 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष वाचताना मला घणसोलीचे ते दालन समोर दिसत होते. निर्वात जागेत ग्रॅफाइट वंगण राहत नाही. त्याचे घर्षण अनेक पटींनी वाढते आणि ते स्वतःच झिजून धूळ होते. त्या जागेत पाण्याची थोडीशी वाफ सोडली की घर्षण पुन्हा खाली येते. उंचावरची हवा विरळ असते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अतिशय कोरडी असते.

याचा अर्थ थर घसरतात हे चुकीचे आहे असा नाही. अर्थ असा की नुसते थर पुरेसे नाहीत, थरांच्या कडाही विचारात घ्याव्या लागतात. पुस्तकातल्या आकृतीत षटकोनांची जाळी चौकटीपाशी कापलेली असते आणि ती पुढेही तशीच चालू आहे असे आपण गृहीत धरतो. खऱ्या ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक थर कुठेतरी संपतो, आणि जिथे तो संपतो तिथल्या अणूला तिसरा शेजारी नसतो. थराच्या मधल्या भागातला अणू तृप्त असतो, त्याला कोणाशी काही घेणेदेणे नसते. कडेचा अणू मात्र एक हात मोकळा घेऊन उभा असतो. ब्रश कॉम्युटेटरवर घासला जातो तेव्हा थर फाटून सतत नव्या कडा उघड्या पडतात. हवेत वाफ असेल तर पाण्याचे रेणू या कडांवर क्षणार्धात बसतात, मोकळे हात भरले जातात, आणि मग पापुद्रे एकमेकांवरून आणि तांब्यावरून शांतपणे सरकतात. वाफ नसेल तर ते हात समोर येईल त्याला पकडतात, मग तो दुसरा पापुद्रा असो की तांबे. पकड सुटताना तुकडा तुटतो, तुकडा तुटला की आणखी कडा उघडतात, आणि पूड वाढत जाते. ऑक्सिजनही हे काम काही प्रमाणात करतो, पण पाण्याइतक्या तत्परतेने नाही.

दोन निर्मळ पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात तेव्हा काय होते हेही अलीकडे मोजले गेले आहे. 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी ग्रॅफाइटचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा ग्रॅफाइटवरच ओढून पाहिला आणि तो वेगवेगळ्या कोनांत फिरवत घर्षण मोजले. षटकोन षटकोनांशी जुळले की घर्षण वाढत होते, आणि कोन थोडा बदलला की ते जवळपास नाहीसे होत होते. 60 अंशांनी पुन्हा तीच गाठ पडत होती. अंड्यांचे दोन ट्रे एकमेकांवर ठेवावेत तसे हे आहे. खळगे खळग्यांत बसले तर ट्रे सरकत नाही, जरासा फिरवला की तरंगत सरकतो. इतक्या सुंदर प्रयोगाची बातमी मराठी वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

मी हिशेब केला. त्या दालनात तापमान 22 अंश आणि आर्द्रता 15 टक्के, म्हणजे एका घनमीटर हवेत पाण्याची वाफ जेमतेम 3 ग्रॅम. त्याच वेळी बाहेर जुलै महिना होता. तापमान 28 अंश, आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे घनमीटरमागे 23 ग्रॅमच्या आसपास. ऐरोलीच्या खाडीवरून येणाऱ्या ज्या दमट वाऱ्याला आम्ही पॅनेलमध्ये गंज धरतो म्हणून बोल लावत आलो, तोच वारा आमच्या शेकडो मोटारींचे ब्रश सांभाळत होता. मोटारीच्या पंख्याला दालनातली हवा खेचू न देता इमारतीबाहेरून गाळण्यातून आणलेली हवा एका बंदिस्त डक्टने द्यावी आणि तशीच बाहेर सोडावी, म्हणजे दालनाच्या कोरडेपणालाही धक्का लागणार नाही, असे मी सुचवले. सोबत कोरड्या हवेसाठीच्या खास ग्रेडचे ब्रश मागवले. त्या ब्रशमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले होते.

हेच ते मॉलिब्डेनाइट, शेले यांच्या आधी जे ग्रॅफाइट समजले जात होते. त्याच्या प्रत्येक थराच्या दोन्ही अंगांना गंधकाचे अणू असतात, आणि असे दोन थर एकमेकांवरून सरकण्यासाठी वाफेची मदत लागत नाही. उलट दमट हवेत त्याचे घर्षण वाढते आणि निर्वात जागेत ते उत्तम चालते. म्हणून उपग्रहांच्या फिरत्या भागांसाठी ग्रॅफाइट न घेता मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात. हाताला सारखीच बुळबुळीत लागणारी दोन खनिजे ओलाव्याच्या बाबतीत अगदी उलटी वागतात, आणि बोटांनी कितीही चोळून पाहिले तरी हा फरक कळणार नाही.

कडांचे महत्त्व एकदा समजल्यावर ग्रॅफाइटच्या इतर गुणांकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. उष्णतेचेच पाहा. थरातले बंध तोडल्याशिवाय ग्रॅफाइट वितळू शकत नाही, आणि ते इतके बळकट आहेत की साध्या दाबाखाली ग्रॅफाइट वितळतच नाही. 3600 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची थेट वाफ होते. म्हणून पोलाद वितळवणाऱ्या विद्युत भट्ट्यांचे इलेक्ट्रोड त्याचे करतात. असे असूनही उघड्या हवेत ते 450 ते 500 अंशांपासूनच हळूहळू जळू लागते. ही आग थराच्या मैदानात सुरू होत नाही, ती कडेपासून आणि जिथे जाळीत भोक आहे तिथून आत सरकते.

लिथियम आयन बॅटरी चार्ज करताना लिथियमही याच दारांनी आत जाते. बॅटरीच्या ऋण टोकाला ग्रॅफाइट असते. लिथियमचे आयन थरांच्या कडांमधून शिरून दोन थरांमध्ये जाऊन बसतात, आणि पूर्ण भरल्यावर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम असे प्रमाण होते. पाहुण्यांसाठी थर दूर सरकतात, 0.335 नॅनोमीटरचे अंतर साधारण 0.37 होते, म्हणजे ग्रॅफाइट सुमारे दहा टक्क्यांनी फुगते, आणि डिस्चार्ज होताना पुन्हा मिटते. ज्या क्षीण बलाला आपण कमतरता मानतो त्याच्यामुळेच हे शक्य आहे. हिऱ्यात लिथियमला शिरायला दारच नाही.

आमच्या क्षेत्रात हेच तत्त्व फार पूर्वीपासून पंपांच्या ग्लँडमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या जागेत, बसलेले आहे. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांना गंधकाम्लात भिजवले की आम्लाचे रेणू थरांमध्ये शिरतात. मग ते पापुद्रे 900 ते 1000 अंशांच्या झोतात टाकले की आत अडकलेल्या रेणूंचा क्षणात वायू होतो, त्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही, आणि पापुद्रा थरांच्या काटकोनात शेकडो पट फुगून सापासारखा लांब होतो. दिवाळीतल्या नागगोळीची आठवण व्हावी असे ते दृश्य असते. हा फुगलेला माल नुसता दाबला तरी त्याची मऊ, लवचिक पत्री बनते. चिकटवण्यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही. तिच्यापासून वाफेच्या व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग आणि गॅस्केट तयार होतात. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती ती रिंग बसवताना मी हल्ली नेहमी ती कापलेल्या तोंडाशी पाहतो, आणि थर तिथे डोळ्यांना दिसतील असे उगाचच वाटते.

त्या मोटारीचा डक्ट बसून तीन आठवडे झाल्यावर मी झाकण उघडले. ब्रशहोल्डरमध्ये चिमूटभर पूड होती. कॉम्युटेटरवर ब्रशच्या वाटेने तपकिरी झाक धरू लागली होती. तांब्याचा ऑक्साइड, ग्रॅफाइटचे पापुद्रे आणि पाण्याचा अदृश्य पापुद्रा मिळून बनलेली ही झाक म्हणजे ब्रश आणि तांबे यांच्यात झालेला समेट असतो. मी ती पुसू दिली नाही. बरोबरचा मुलगा कापड आणि सॅंडपेपर घेऊन तयारच होता. त्याला वाटत होते की कॉम्युटेटर लखलखीत असला पाहिजे. त्या मोटारीचे ब्रश त्यानंतर पुन्हा अर्धा वर्ष टिकू लागले.

हे सगळे मी भाच्याला सांगत होतो तेव्हा तो वहीत षटकोन काढत होता. एकाला एक जोडत त्याने पान भरत आणले, समासाच्या रेघेपाशी थांबला, आणि शेवटच्या ओळीतल्या अणूंवर पेन्सिलीचे टोक टेकवून म्हणाला, "मामा, यांना तर दोनच हात लागले. तिसऱ्याचं काय करायचं?" मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि समासाच्या पलीकडे, एकेका मोकळ्या हाताला, कुठे हायड्रोजन, कुठे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी अशी चिन्हे लिहीत गेलो. खिडकीबाहेर पाऊस लागला होता आणि वहीचे पान दमट हवेने किंचित मऊ पडले होते.